प्रोसेसर कोणता? आधी बोर्डाला विचारा



गणपतीत कोकणातल्या घरांमध्ये वाद कशावरून निघतील याचा नेम नसतो. आरत्या किती म्हणायच्या, मोदकाचं सारण कुणाच्या हातचं चांगलं, गौरींना काय दाखवायचं, असे परंपरेने चालत आलेले विषय आमच्याही घरात आहेत. पण २०२५च्या गणपतीत वेळणेश्वरच्या आमच्या ओटीवर जो वाद रंगला तो प्रोसेसरवरून. एका बाजूला पुण्याहून आलेले जावईबापू, दुसऱ्या बाजूला गावातल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला माझा पुतण्या. जावईबापूंचं म्हणणं, "बाबा, डोळे मिटून इंटेल घ्या." पुतण्याचं म्हणणं, "काका, आता इंटेलचे दिवस गेले, एएमडीच घ्या." दोघांच्या मध्ये मी, निवृत्त शिक्षक. आणि आत माजघरात, ज्याच्यासाठी हा वाद चालला होता तो संगणक, आठ वर्षांचा, सुरू होण्यासाठी पाच-सहा मिनिटं घेत बसलेला.

हा वाद आज अनेक घरांत चालू आहे, म्हणून त्याविषयी चार गोष्टी बोलाव्यात असं मनात आलं. निमित्त साधं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज-१०चा नेहमीचा आधार बंद केला. संगणक त्या दिवशी बंद पडले नाहीत, पण सुरक्षेची मोफत दुरुस्ती थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना वर्षभराची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची मुदत मिळाली, इतकंच. पुढची विंडोज-११ मात्र प्रोसेसरच्या बाबतीत मोठी चोखंदळ आहे. इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा आणि एएमडीचा रायझन २००० मालिकेचा, म्हणजे २०१७-१८च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तरच ती रीतसर घरात येते. आमचा २०१७ सालचा होता. म्हणजे उंबरठ्यावरच अडकला.

आमच्या घरात संगणक ही चैनीची वस्तू नाही. माझी सून गावातल्या आणि आसपासच्या काही लहान हॉटेलांचे, खोल्या भाड्याने देणाऱ्यांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरते. महिन्याची अकरा तारीख आणि वीस तारीख या तिच्या परीक्षेच्या तारखा. त्या दिवशी यंत्र अडलं तर दंड गिऱ्हाइकाला बसतो आणि पुढच्या महिन्यात ते गिऱ्हाईक गुहागरला किंवा चिपळूणला जातं. सुपारीच्या पैशांतून तिने तीस हजार रुपये या कामासाठी बाजूला काढले होते. ते कुणाच्या तरी आवडीखातर उडवायचे नव्हते. म्हणून मी दोघांनाही म्हटलं, थांबा, मला आधी हे भांडण मुळापासून समजून घेऊ द्या.

समजून घेतल्यावर जे कळलं ते मोठं गमतीचं आहे. या दोन कंपन्या एकाच घरातून बाहेर पडलेल्या भावकीसारख्या आहेत. अमेरिकेत फेअरचाइल्ड नावाची सेमीकंडक्टर बनवणारी कंपनी होती. तिथून बाहेर पडून रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी १९६८मध्ये इंटेल काढली. तिथूनच बाहेर पडून जेरी सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९मध्ये एएमडी काढली. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर आणला, त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. पण एकाच पुरवठादारावर विसंबून राहणं आयबीएमला मान्य नव्हतं. म्हणून १९८२मध्ये करार झाला आणि इंटेलच्या आराखड्याचे प्रोसेसर एएमडीही बनवू लागली. पुढे ३८६ प्रोसेसर आला, तेव्हा इंटेलने आराखडा द्यायचं नाकारलं. मग भावकीत जे होतं तेच झालं. कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. एएमडीने स्वतःच्या हिमतीवर आपला ३८६ तयार करून १९९१मध्ये बाजारात आणला.

१९९३ साली इंटेलने पेंटियम आणला. हे नाव आपल्याकडे इतकं रुजलं की 'पेंटियम घेतला' म्हणजे 'संगणक घेतला' असाच अर्थ होत असे. या पेंटियमच्या कामाचं नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म आपल्या पुण्यातला. २०२५मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं. पण गोष्ट इथे संपत नाही. १९९५मध्ये धाम इंटेल सोडून नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती कंपनी एएमडीने विकत घेतली आणि तिच्याच आराखड्यावरून १९९७मध्ये एएमडीचा के-६ प्रोसेसर आला, पेंटियमला टक्कर देणारा. म्हणजे ज्या माणसाने एका घरचा मल्ल तयार केला, त्यानेच पुढे दुसऱ्या घरच्या मल्लाला हातभार लावला. हे मी ओटीवर सांगितलं तेव्हा जावईबापू आणि पुतण्या दोघेही क्षणभर गप्प झाले.

त्या के-६ची आणखी एक गोष्ट आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पेंटियम ज्या सॉकेटमध्ये बसत असे, त्याच सॉकेटमध्ये के-६ही बसे. सॉकेट म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसरची बैठक. पंगतीतल्या पाटासारखी समजा. त्या काळी पाट एकच होता, त्यावर कुणीही बसू शके. पण त्याच वर्षी इंटेलने पेंटियम-२साठी आपली वेगळी बैठक आणली आणि दोन वर्षांनी एएमडीनेही आपली वेगळी मांडली. तेव्हापासून पाट वेगळे झाले. इंटेलच्या बोर्डावर एएमडी बसत नाही आणि एएमडीच्या बोर्डावर इंटेल बसत नाही. म्हणून आज आपण प्रोसेसर निवडतो तेव्हा नकळत बोर्डही निवडतो, बोर्डाबरोबर रॅमचा प्रकार निवडतो, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत त्या यंत्रात काय बदलता येईल आणि काय नाही, हेही त्याच दिवशी ठरवून टाकतो. खोक्यावरच्या नावापेक्षा हा निर्णय मोठा असतो, पण दुकानात त्याची चर्चा सर्वांत शेवटी होते.

मग या दोघांत सरस कोण? श्रोतेहो, याचं उत्तर साल विचारल्याशिवाय देता येत नाही. मार्च २०००मध्ये एक गिगाहर्ट्झचा टप्पा एएमडीने आधी गाठला आणि दोनच दिवसांत इंटेलने. पुढे पेंटियम-४चे आकडे मोठे झाले, पण दर ठोक्याला काम कमी होई. एएमडीने तेव्हा आपल्या १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरला '१८०० प्लस' असं नाव दिलं होतं, ते 'नुसता आकडा पाहू नका' हे सांगण्यासाठी. २००३मध्ये ६४ बिटची पद्धत घरगुती संगणकात एएमडीने आणली आणि ती पुढे इंटेलने स्वीकारली. आजचा इंटेलही त्याच पद्धतीवर चालतो. २००६मध्ये कोअर-टू-ड्युओ आणून इंटेलने बाजी उलटवली. २०११च्या सुमाराला एएमडीची अवस्था बिकट होती. २०१७मध्ये रायझन आला आणि पारडं पुन्हा हललं.

दोष म्हणाल तर तेही दोघांचे जाहीर झालेले आहेत. १९९४मध्ये पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली, इंटेलला प्रोसेसर बदलून द्यावे लागले आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरांची तरतूद करावी लागली. २०२३मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर काही बोर्डांवर जास्त व्होल्टेजमुळे जळाल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा बोर्डांच्या प्रोग्रॅममध्ये व्होल्टेजला मर्यादा घालावी लागली. २०२४मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरमध्ये अस्थिरता आढळली. त्यावर इंटेलने दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आणि कारखान्याचं म्हणाल तर एएमडी आपले प्रोसेसर तैवानच्या टीएसएमसीकडून करून घेते, आणि २०२४च्या अखेरीस आलेल्या इंटेलच्या टेबलावरच्या 'कोअर अल्ट्रा'चा मुख्य भागसुद्धा तिथेच बनतो!

आपल्या पुण्यातलंच उदाहरण घ्या. आयसर संस्थेत २०१९मध्ये बसलेला 'परम ब्रह्म' हा महासंगणक इंटेलच्या प्रोसेसरवर चालतो. सी-डॅकमध्ये २०२०मध्ये आलेल्या 'परम सिद्धी'त एएमडीचे प्रोसेसर आहेत. ज्यांना यातलं सर्वांत जास्त कळतं त्यांनी एकाच नावाची माळ जपली नाही. समोर कोणतं काम आहे आणि त्या वर्षी काय उपलब्ध आहे, ते पाहून निवड केली. मग घरातल्या एका संगणकासाठी आपणच का कुणाचा झेंडा खांद्यावर घ्यावा?

आता आपल्या घरात येऊ. संगणक मंद झाला की आपण लगेच प्रोसेसरवर खापर फोडतो. पण बहुतेक जुन्या यंत्रांत खरा मंद असतो तो फिरणाऱ्या तबकडीचा हार्ड डिस्क. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाकघरातला आचारी. आचारी कितीही चपळ असला आणि कोठीतून तांदूळ आणायला अर्धा तास लागत असला, तर पंगत वेळेवर कशी बसणार? यंत्र काम करत असताना विंडोजचा टास्क मॅनेजर उघडून पाहा. त्यात डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना टेकला असेल आणि प्रोसेसरचा वीस टक्क्यांवर असेल, तर आचारी बदलून काही होणार नाही.

आम्ही तेच केलं. अनंतचतुर्दशी झाल्यावर आधी फक्त एसएसडी बसवली आणि आठ जीबी रॅम वाढवली. सहा मिनिटांनी सुरू होणारं यंत्र अर्ध्या मिनिटाच्या आत सुरू होऊ लागलं. सूनबाई म्हणाली, "बाबा, आता प्रोसेसर कशाला?" तिचा प्रश्न रास्त होता. नुसता वेग हवा असता तर आम्ही तिथेच थांबलो असतो, आणि ज्यांचं काम पत्रं लिहिणं, सिनेमा बघणं, बातम्या वाचणं एवढंच आहे, त्यांनी तिथेच थांबावं किंवा लिनक्सचा विचार करावा. पण लोकांच्या बँकेची आणि करांची कामं ज्या यंत्रावर होतात, ते सुरक्षेच्या दुरुस्तीविना चालवणं म्हणजे दुसऱ्याचे दागिने आपल्या घरात कडी न लावता ठेवण्यासारखं आहे. विंडोज-११ हवी होती, आणि तिच्यासाठी प्रोसेसर बदलणं भाग होतं.

इथे बोर्डाला विचारायची वेळ आली. आमचा २०१७चा प्रोसेसर पहिल्या पिढीचा रायझन होता, म्हणजे बैठक एएम-४ नावाची. ही बैठक एएमडीने बरीच वर्षं बदलली नाही. रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसरही त्याच बैठकीत बसतात, आणि २०२२पासून अगदी सुरुवातीच्या बोर्डांनाही ते चालवायची मुभा मिळाली. मात्र अट अशी की, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने त्या मॉडेलसाठी तसा बायॉस दिलेला हवा. पुतण्याने बोर्डावरचं मॉडेल वाचलं, बोर्डाच्या कंपनीची यादी उघडली आणि त्यात रायझन-५ ५६००-जी हे नाव सापडलं. सहा कोअर, ६५ वॅट, चित्र दाखवणारा भाग आतच, आणि विंडोज-११ला मान्य. बोर्ड तोच, रॅम तीच, पेटी तीच. प्रश्न सुटला. एएमडी श्रेष्ठ आहे म्हणून सुटला असं मात्र नाही. आमच्या घरात एएमडीचा पाट आधीच मांडलेला होता म्हणून सुटला.

याच्या अगदी उलट आमच्या शेजारी झालं. त्यांचा संगणक २०१६चा, इंटेलच्या सहाव्या पिढीचा. त्या बोर्डावर फार तर सातवी पिढी बसली असती, आणि तीही विंडोज-११च्या यादीत जवळजवळ नाहीच. म्हणजे त्यांना नवा बोर्ड घेणं आलंच. आता त्यांच्यापुढे दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. त्यांची रॅम डीडीआर-४ होती आणि ती वाया घालवायची नव्हती. इंटेलच्या बाराव्या पिढीचे बोर्ड डीडीआर-४चेही मिळतात आणि डीडीआर-५चेही. घेताना एवढं पाहून घ्यावं लागतं. शेजाऱ्यांची खानावळ आहे, आणि किनाऱ्याच्या, जेवणाच्या छोट्या चित्रफिती तयार करून ते गिऱ्हाइकांना पाठवतात. चित्रफितीच्या कामाला इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्सची चांगली मदत होते. चिपळूणच्या दुकानात कोअर आय-थ्री १२१०० आणि डीडीआर-४चा बोर्ड अशी जोडी तयार होती, वॉरंटीचं कामही तिथेच होणार होतं. त्यांनी ती घेतली. जुनी रॅम त्यात चालली.

एकाच वाडीत, एकाच महिन्यात, दोन घरांनी दोन वेगळ्या कंपन्यांचे प्रोसेसर घेतले आणि दोघांचंही बरोबर होतं. पुढे २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव झपाट्याने चढले, तेव्हा जुनी रॅम सांभाळल्याचं समाधान दोन्ही घरांत सारखंच होतं.

ज्यांना सगळंच नवं घ्यायचं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एएमडीची नवी बैठक एएम-५ ही २०२२मध्ये आली. तिला फक्त डीडीआर-५ रॅम चालते, आणि ही बैठक २०२७पर्यंत व पुढेही चालवू असं कंपनीने जाहीर केलं आहे. इंटेलची बाराव्या ते चौदाव्या पिढीची बैठक एक, आणि 'कोअर अल्ट्रा २००'ची वेगळी. तुम्ही दर दोन-तीन वर्षांनी यंत्रात बदल करणारे असाल तर बैठकीचं आयुष्य महत्त्वाचं. आमच्यासारखं एकदा घेऊन आठ-दहा वर्षं वापरायचं असेल, तर आज मिळणारा भाव आणि जवळची दुरुस्तीची सोय महत्त्वाची. घरात कुणी मोठे खेळ खेळणारं असेल तर नावाच्या शेवटी 'एक्स-थ्री-डी' असलेले एएमडीचे प्रोसेसर त्यासाठी नावाजलेले आहेत. पण मग खर्चाचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डावर जाणार, हेही धरून चाला. पत्रं, हिशेब, मराठी टंकलेखन, मुलांचा अभ्यास यांसाठी सारख्या किमतीच्या दोन प्रोसेसरमध्ये बसल्या जागी फरक ओळखून दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

खोक्यावरच्या शेवटच्या अक्षराकडे मात्र दुर्लक्ष करू नका. हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकासाठी मी शहरातून प्रोसेसर आणला. त्याच नावाचे दोन होते, त्यातला हजारभर रुपयांनी स्वस्त असलेला घेतला आणि हुशारी केली असं मनाशी म्हटलं. घरी येऊन सगळं जोडलं. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, पडदा मात्र काळा. भर पावसात दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन पुन्हा एसटीने शहरात! तिथे कळलं की त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवणारा भागच नव्हता, वेगळं ग्राफिक्स कार्ड हवं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक कंपनीची नव्हती. आयुष्यभर मुलांना 'प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगणाऱ्या मास्तरानेच प्रश्न नीट वाचला नव्हता. तर लक्षात ठेवा, इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर अंगचं ग्राफिक्स नाही. एएमडीच्या एएम-४च्या प्रोसेसरमध्ये 'जी' असेल तरच ते आहे, म्हणजे ५६००-जीमध्ये आहे आणि नुसत्या ५६००मध्ये नाही. एएम-५च्या बहुतेक प्रोसेसरमध्ये साधं ग्राफिक्स असतं, पण तिथेही 'एफ' अक्षर दिसलं तर थांबा. आणि प्रोसेसर शक्यतो बंद खोक्यातला घ्या. दोन्ही कंपन्या खोक्यातल्या मालाला तीन वर्षांची वॉरंटी देतात. सुटा माल स्वस्त पडतो, पण त्याची जबाबदारी विकणाऱ्या दुकानदाराच्या शब्दावर राहते.

आता आपल्या कोकणाच्या हवेविषयी. दिल्ली-मुंबईच्या परीक्षणांत हे कुणी लिहीत नाही. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारी, दमट हवा बोर्डावरच्या जोडांना हळूहळू खाते. पावसाळ्यात वीज येते-जाते, व्होल्टेज वरखाली होतं. २०२०चं निसर्ग आणि २०२१चं तौक्ते या वादळांत तर किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांनी अंधारात दिवस काढले. जांभ्या दगडात अर्थिंग नीट लागत नाही, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावं लागतं. अशा ठिकाणी दोन प्रोसेसरमधल्या पाच-दहा टक्क्यांच्या वेगापेक्षा चांगला पॉवर सप्लाय आणि चांगली यूपीएस यांवर खर्च केलेले दोन हजार रुपये जास्त कामाला येतात. कमी वीज खाणारा प्रोसेसर असेल तर यूपीएसवर दोन मिनिटं जास्त मिळतात, हातातलं विवरणपत्र पुरं होतं. कागदावर ६५ वॅट लिहिलेला कोअर आय-फाइव्ह १२४०० भरात आला की ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. हे आकडेही मॉडेलच्या माहितीत छापलेले असतात, ते वाचावेत. दोन यंत्रांत सरासरी ३० वॅटचा फरक असेल आणि रोज सहा तास, वर्षाचे तीनशे दिवस काम असेल, तर वर्षाला ५४ युनिटांचा फरक पडतो. त्याचे रुपये किती, ते आपापल्या बिलावरचा दर पाहून काढा. पेटी जमिनीवर ठेवू नका, पाली आणि मुंग्या आत ऊब शोधत येतात. पावसाळ्यात यंत्र रोज थोडा वेळ चालू ठेवा, दमटपणा धरत नाही. आणि आकाशात गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लगही काढा.

राहिली शेवटची पायरी, आणि तीच सर्वांत जोखमीची होती. बायॉस म्हणजे बोर्डाच्या चिपमध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम. यंत्र चालू केलं की सर्वांत आधी तो जागा होतो आणि वर्गात गेल्यावर मास्तर घेतात तशी हजेरी घेतो. नव्या प्रोसेसरचं नाव त्याच्या हजेरीपटात नसेल तर तो त्याला वर्गात बसूच देत नाही. म्हणून हजेरीपट आधी बदलावा लागतो, आणि तो जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. बरेच जण नवा प्रोसेसर बसवून मोकळे होतात, पडदा काळा राहतो, आणि मग जुना पुन्हा बसवा, अशी वरात निघते. ही गोष्ट कोणत्याही कंपनीच्या बोर्डावर होऊ शकते. शिवाय बायॉस लिहिला जात असताना वीज गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो.

ऑक्टोबरची संध्याकाळ होती. परतीचा पाऊस डोंगराकडे गुरगुरत होता. पुतण्याने पेनड्राइव्ह लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आज नको. विजेचा भरवसा नाही. तो म्हणाला, "काका, यूपीएस आहे ना!" मी म्हटलं, यूपीएसची बॅटरी तीन वर्षांची आहे, ती किती वेळ टिकते हे आपण पाहिलंय का? पाहिलं नव्हतं. मग मुख्य बटण बंद करून पाहिलं. दीड मिनिटात सगळं बंद! तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी गुहागरहून नवी बॅटरी आणली, रात्रभर चार्ज केली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी, आभाळ स्वच्छ असताना, बायॉस बदलायला घेतला. पडद्यावरची पट्टी सरकत होती. घरातलं कुणी बोलत नव्हतं. ऐंशी टक्क्यांवर आली आणि डोक्यावरचा पंखा थांबला. वीज गेली होती.

यूपीएस टीं-टीं करत होती. पट्टी सरकत राहिली. शंभर टक्के झाले, यंत्र आपणहून बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि जुन्या प्रोसेसरचं नाव पडद्यावर आलं. सूनबाईने देवापुढे साखर ठेवली. मग पुतण्याने शांतपणे जुना प्रोसेसर काढला, नवा बसवला, त्यावर पेस्टचा मटाराएवढा थेंब लावला आणि दुपारपर्यंत विंडोज-११ घरात आली. तीस हजारांपैकी बारा हजार परत सुनेच्या डब्यात गेले. त्या महिन्याची वीस तारीख तिने नव्या यंत्रावर पार पाडली.

संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला. "काय बाबा, शेवटी कोण जिंकलं?" मी म्हटलं, तीनशे रुपये जास्त देऊन घेतलेली बॅटरी जिंकली. ते हसले. पण श्रोतेहो, मी ते गंमत म्हणून बोललो नव्हतो. संगणक बदलायचा विचार मनात आला, तर दुकानात शिरून 'इंटेल की एएमडी' असं विचारण्याआधी घरातल्या यंत्राची पेटी उघडा. बोर्डाचं मॉडेल एका कागदावर लिहून घ्या, रॅमचा प्रकार लिहा, डिस्क कोणती आहे ते पाहा, आणि त्या यंत्रावर कोण, काय काम करतं, तेही लिहा. एवढा कागद हातात असला की दुकानदार तुमच्याशी वेगळ्या भाषेत बोलतो. आणि त्या कागदाखाली प्रोसेसरचं नाव बहुतेक वेळा आपोआप उतरतं, कधी या कंपनीचं, कधी त्या.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)